ऐर्यन वएज : इराणी जनांच्या मूलभूमीचा शोध

पारशी बांधवांच्या ‘अवेस्ता’ या धर्मग्रंथसमूहात ‘वेंदिदाद’ नावाचा एक भाग आहे. शुद्धाशुद्ध, प्रायश्चित्ते, अग्नी, जल व भूमी यांचे पावित्र्य असे विषय त्यात बहुतांशी आलेले असल्यामुळे सामान्य वाचक त्याच्या वाटेस सहसा जात नाही. मध्यरात्री आरंभ करून पहाटेपर्यंत त्याचे अखंड पठण करण्याचा विधी मात्र पारशी धर्मगुरूंनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केला आहे. या ग्रंथाचा पहिला अध्याय, ज्यास ‘फर्गर्द’ म्हणतात, तो विधिनिषेधांचा नाही. तो भूगोलाचा आहे. अहुर मज्दाने निर्माण केलेल्या सोळा उत्तम देशांची त्यात क्रमवार गणना केली आहे, आणि त्या गणनेत पहिले स्थान आहे ‘ऐर्यनेम्‌ वएजह्‌’ या देशाला. हीच इराणी जनांची आख्यायिकाप्रसिद्ध मूलभूमी.

या यादीचा आरंभ मोठा मनोवेधक आहे. अहुर मज्द जरथुष्ट्रास सांगतो, की ज्या भूमीत रमण्यासारखे काही नाही तीही तिच्या रहिवाशांना प्रिय वाटावी अशी योजना आपण मुद्दाम केली. तशी ती केली नसती तर अवघे जग ऐर्यन वएजकडेच लोटले असते. मुलुखापासून दूर वस्ती करून राहिलेल्या आमच्यासारख्यांनी या विधानाशी क्षणभर थांबावे असे त्याचे मोल आहे. जन्मभूमीचा जिव्हाळा हा तिच्या गुणांवर अवलंबून नसतो, हे सत्य तीन हजार वर्षांच्या आसपासच्या एका परंपरेने आपल्या भूगोलाच्या आरंभीच नोंदवून ठेवले आहे. ही मूलभूमी नेमकी कोणती, ती कोठे होती, तिचा शोध कोणी कसा घेतला आणि त्या शोधात आपल्या महाराष्ट्राचा वाटा कोणता, याचा थोडक्यात परामर्श घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

सोळा देश, सोळा पीडा

वेंदिदादमधील यादीची रचना ठरावीक आहे. अहुर मज्दाने एक उत्तम देश निर्मिला की लगेच त्याचा प्रतिस्पर्धी अंग्रमैन्यू त्या देशासाठी एक पीडा निर्माण करतो. ऐर्यन वएज हा देश ‘वङ्‌हुही दाइत्या’ म्हणजे मंगल दाइत्या या नदीच्या काठी वसलेला. तेथे अंग्रमैन्यूने नदीतला सर्प निर्माण केला आणि दैत्यनिर्मित हिवाळा आणला. वर्षाचे दहा महिने हिवाळा आणि अवघे दोन महिने उन्हाळा. जळ, भूमी व वनस्पती या तिन्हींना गारठवून टाकणारी ती थंडी. ज्या देशाकडे सारे जग लोटले असते असे म्हटले, त्याचेच हे वर्णन व्हावे ही विसंगती चटकन डोळ्यांत भरते. तिच्याकडे आपण पुढे वळू.

यादीतील पुढची पुष्कळ नावे आजही ओळखता येतात. सुघ्द म्हणजे समरकंदच्या आसपासचा प्रदेश, मोउरु म्हणजे मर्व, उंच ध्वजांचा बाख्धी म्हणजे बल्ख, हरोयु म्हणजे हेरात, हरहवैती म्हणजे कंदाहारकडील नदीकाठ, हएतुमंत म्हणजे हेलमंद. पंधरावा देश तर आपल्या अगदी ओळखीचा आहे. तो ‘हप्त हेंदु’, म्हणजेच आपला सप्तसिंधू. या देशाच्या वाट्याला आलेली एक पीडा कोणती, तर असह्य उष्मा! उन्हाळ्यात पंजाब वा सिंधकडे प्रवास केलेल्या कोणासही या निरीक्षणाबद्दल शंका वाटण्याचे कारण नाही.

पीडांची यादीही विचार करण्याजोगी आहे. कोठे गुराढोरांना मारणारी कीड आहे, कोठे मनातला संशय आहे, कोठे जादूटोणा आहे. हरहवैतीच्या वाट्याला प्रेते पुरण्याचे पाप आले आणि चख्र देशाच्या वाट्याला प्रेते जाळण्याचे, कारण भूमी आणि अग्नी ही दोन्ही या धर्मात पवित्र. सोळावा देश रङ्‌हा नदीच्या उगमाकडचा. त्याची पीडा पुन्हा हिवाळाच. म्हणजे यादी थंडीने सुरू होते आणि थंडीनेच संपते. निर्दोष असा देश तीत एकही नाही. मूलभूमीलाही त्यातून सूट मिळालेली नाही.

या भूगोलाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. कुरूश, दारयवुश इत्यादी सम्राटांमुळे जगप्रसिद्ध झालेला पारस प्रांत या यादीत नाही, आणि माद प्रांताचेही नाव नाही. ‘रघ’ हा तेहरानजवळचा रय असावा असे काहींचे मत आहे, पण त्याबाबत एकमत नाही. कुरूशाने इ. स. पू. ५५० च्या सुमारास साम्राज्याचा पाया घातला. अवेस्तेच्या या भूगोलास मात्र त्या पश्चिम इराणचा पत्ता नाही. तो आजच्या अफगाणिस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान व तुर्कमेनिस्तान या टापूंत वावरतो. जरथुष्ट्री परंपरेचा उगम इराणच्या पूर्वेस झाला, या मताला मिळणारा हा फार मोठा आधार होय.

नावाचा अर्थ आणि भाषेची भावकी

‘ऐर्य’ हा आपला ‘आर्य’च. ‘वएजह्‌’ या शब्दाबद्दल मात्र मतभेद आहेत. जुन्या काळच्या काही पंडितांनी त्याचा संबंध ‘बीज’ या शब्दाशी जोडून ‘आर्यांचे बीज जेथे रुजले तो देश’ असा मोहक अर्थ केला. अलीकडच्या भाषाशास्त्रज्ञांचा कल ‘विस्तार’ किंवा ‘विस्तीर्ण प्रदेश’ या अर्थाकडे आहे. पुढे पहलवी भाषेत हेच नाव ‘एरानवेज’ असे झाले.

‘इराण’ हे नावही याच कुळातले. ‘आर्यांचा’ या अर्थाच्या षष्ठी बहुवचनी रूपापासून ‘एरान’ हा शब्द निघाला. इ. स. २२४ मध्ये सत्तेवर आलेल्या ससानी घराण्याच्या पहिल्या अर्दशीरने स्वतःस एरानचा राजाधिराज म्हणविले. त्याच्याही सातशेहून अधिक वर्षे आधी दारयवुश सम्राटाने नक्श-ए-रुस्तम येथील शिलालेखात आपण पारसी आहोत आणि आर्यवंशीय आहोत, असे कोरविले होते. १९३५ साली तेथील सरकारने परराष्ट्रांना ‘पर्शिया’ऐवजी ‘इराण’ हेच नाव वापरण्याची विनंती केली, तेव्हा तिने नवे नाव घेतले नव्हते. घरातले जुने नाव बाहेरच्यांना सांगितले होते.

अवेस्तेची भाषा आणि वेदांची भाषा या सख्ख्या बहिणी म्हणाव्यात इतक्या जवळच्या आहेत. आपल्या ‘स’काराच्या जागी तेथे बहुधा ‘ह’कार येतो, एवढे ध्यानात ठेवले की कित्येक शब्द आपोआप उलगडतात. सप्तसिंधू हप्त हेंदु होतो, सरस्वती हरहवैती होते, सरयू हरोयु होते, सेतुमत्‌ हएतुमंत होतो, सोम हओम होतो. गुजरातेत राहिलेल्या आमच्या मंडळींना याचे नवल वाटणार नाही, कारण काठेवाडातील माणूस ‘सारुं’ऐवजी ‘हारुं’ म्हणतो हे त्यांच्या नित्य कानांवर पडलेले आहे. यज्ञाला तेथे ‘यस्न’ म्हणतात, होत्याला ‘झओतर’, अथर्वन्‌ला ‘आथ्रवन’. मित्र हा देव ‘मिथ्र’ म्हणून येतो. पण भावकीत जसे एकाचे मानपान दुसऱ्याकडे उलटे व्हावेत तसे दोन शब्दांचे झाले. तिकडे ‘अहुर’ म्हणजे असुर हा परमेश्वर ठरला आणि ‘दएव’ म्हणजे देव हे दुष्ट शक्तींचे नाव झाले.

नद्यांच्या नावांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. स्थलांतर करणारी माणसे आपली नावे बरोबर नेतात आणि नव्या पाण्याला जुनी नावे देतात. सरस्वती आणि सरयू ही नावे हिंदुकुशाच्या दोन्ही बाजूंस आढळतात ती यामुळेच.

यिमाचा हिवाळा

वेंदिदादचा दुसरा फर्गर्द ऐर्यन वएजची कथा पुढे नेतो. तेथे विवङ्‌हवंताचा पुत्र यिम याची कथा आहे. वाचकांनी ओळखले असेलच, की हा आपला विवस्वानाचा पुत्र यम. आपल्याकडे यम हा मरण पावलेला पहिला मर्त्य, पितृलोकाची वाट प्रथम शोधणारा, आणि पुढे मृत्यूची देवता. इराणात तो सुवर्णयुगाचा राजा आहे. फिर्दौसीने इ. स. १०१० मध्ये पूर्ण केलेल्या ‘शाहनामा’त तोच जमशीद म्हणून अवतरतो, आणि २१ मार्चचा ‘जमशेदी नवरोज’ मुंबईकरांच्या परिचयाचा आहे.

यिमाच्या राज्यात मृत्यू नव्हता, रोग नव्हता. त्यामुळे तीनशे हिवाळ्यांत पृथ्वी माणसे, गुरे, कुत्री, पक्षी आणि धगधगते अग्नी यांनी भरून गेली. जागा पुरेना. तेव्हा यिम मध्याह्नी सूर्याच्या वाटेने दक्षिणेकडे निघाला आणि अहुर मज्दाने दिलेल्या सुवर्णमय साधनांनी त्याने भूमीस स्पर्श करून तिला पसरण्याची विनंती केली. भूमी एक तृतीयांशाने वाढली. असे तीन वेळा घडले. गुरांचे कळप घेऊन नव्या कुरणांच्या शोधात दक्षिणेकडे सरकणाऱ्या जनांची पुसट स्मृती या कथेत असावी असे अनेक अभ्यासकांस वाटते, आणि ते असंभवनीय नाही.

पुढे ऐर्यन वएजमध्ये, मंगल दाइत्येच्या काठी, अहुर मज्दाने देवगणांची सभा भरविली आणि यिमही श्रेष्ठ मर्त्यांना घेऊन तेथे आला. त्या सभेत यिमाला इशारा मिळाला, की आता भयंकर हिवाळे येणार, बर्फ पडणार आणि तो वितळल्यावर पाण्याचे लोट येणार. म्हणून तू एक ‘वर’ म्हणजे बंदिस्त निवारा बांध. घोड्याच्या एका दौडीइतकी त्याची प्रत्येक बाजू असावी. त्यात माणसे, गुरे, कुत्री, पक्षी, वनस्पती आणि अग्नी यांची उत्तमोत्तम बीजे जोडीजोडीने ठेवावीत. यिमाने टाचेने माती तुडविली, हातांनी मळली आणि वर उभा केला. त्यात राहणाऱ्यांना वर्ष हे एका दिवसासारखे वाटे, असेही तेथे म्हटले आहे.

शतपथ ब्राह्मणातील मनू आणि मत्स्य यांची कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे प्रलय पाण्याचा, तर तेथे प्रामुख्याने थंडीचा. आपल्याकडे नौका, तर तेथे वाडा. मात्र दोन्हीकडे एक शहाणा माणूस सर्व सृष्टीचे बीज राखतो. विवस्वानाचेच दोन पुत्र, मनू आणि यम, एकेका परंपरेत हे कार्य करतात ही गोष्टही लक्षणीय आहे.

देश कोठे होता?

आता मुख्य प्रश्न. जरथुष्ट्राच्या स्वतःच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या ‘गाथा’ या अवेस्तेतील प्राचीनतम रचना होत, आणि त्यांत ऐर्यन वएजचे नाव एकदाही येत नाही. नंतरच्या रचनांत मात्र जरथुष्ट्र हा ऐर्यन वएजमध्ये ख्यातकीर्त झालेला असे म्हटले आहे. दाइत्येच्या काठी तो अनाहिता या जलदेवतेची आराधना करतो असे वर्णनही येते. म्हणजे मूलभूमीची कल्पना आणि प्रेषिताची कर्मभूमी ही कालांतराने एकत्र आली.

इस्लामच्या आगमनानंतर, इ. स. च्या नवव्या शतकाच्या सुमारास, पहलवी भाषेतील ‘बुंदहिश्न’ या सृष्टिविषयक ग्रंथाला अखेरचे रूप मिळाले. त्यात एरानवेज हा आझरबैजानकडे असल्याचे सांगितले आहे. पण आझरबैजान तर इराणच्या वायव्य कोपऱ्यात! हे स्थलांतर कसे घडले, त्याचे उत्तर इतिहासात सापडते. ससानी काळात आदुर गुश्नस्प हा राज्यातील तीन महान अग्नींपैकी एक आझरबैजानात, आजच्या तख्त-ए-सुलेमान येथे प्रतिष्ठित होता. तेथील धर्मगुरूंचे प्रस्थ वाढले आणि त्यांच्याबरोबर मूलभूमीही पश्चिमेस सरकली. एरानवेज या काळी केवळ देश राहिला नव्हता. आद्य वृषभ आणि आद्य मानव गयोमर्द यांची निर्मिती तेथेच झाली, सात ‘कर्श्वरां’पैकी मधल्या खंडाचे ते हृदयस्थान, असे त्याचे वर्णन होऊ लागले. आपल्या पुराणांतील सप्तद्वीपा वसुमती आणि तिच्या मध्यभागी असलेले जंबुद्वीप यांच्याशी हे चित्र ताडून पाहण्याजोगे आहे.

विसाव्या शतकातील संशोधकांपैकी अनेकांनी ऐर्यन वएज म्हणजे अरल समुद्राच्या दक्षिणेचा, आमू दर्याच्या मुखाकडील ख्वारज्म प्रदेश असे मानले. दाइत्या म्हणजे आमू दर्या हे त्याबरोबर ओघानेच आले. परंतु ख्वारज्मचा हिवाळा कितीही कडक असला तरी तो दहा महिन्यांचा नसतो, आणि तेथील उन्हाळा चांगलाच भाजून काढतो. म्हणून इटालियन पंडित ग्नोली यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हिंदुकुशाच्या परिसराकडे लक्ष वेधले. मध्य अफगाणिस्तानच्या पठारावर, बामियानच्या उंचीवर, किंवा पामीरच्या दऱ्यांत दहा महिन्यांचा हिवाळा ही कविकल्पना राहत नाही, तर शेतकऱ्या-मेंढपाळांचा नित्याचा अनुभव असतो. यादीतले ओळखता येणारे बहुतेक देश या पर्वतप्रदेशाच्या भोवतीच पसरलेले आहेत ही गोष्टही या मताच्या बाजूची आहे. मात्र तो देश मुळात पौराणिक असून नकाशावर त्याचा ठिपका शोधू नये, असे म्हणणारे अभ्यासकही आहेत.

लोकमान्य आणि उत्तर ध्रुव

या शोधकार्याशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. फ्रेंच विद्वान आंकतिल द्युपेरों याने १७५८ ते १७६१ या काळात सुरतेत राहून पारशी दस्तुरांकडून अवेस्तेचे ज्ञान मिळविले आणि १७७१ मध्ये फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले. त्याच्या पुढचे मोठे पाऊल पुण्यात पडले. मार्टिन हौग हे जर्मन पंडित १८५९ ते १८६६ पर्यंत पुण्याच्या सरकारी कॉलेजात संस्कृतचे अध्यापक होते. त्यांनी पारशांची धर्मभाषा, ग्रंथ व धर्म यांवरील निबंध १८६२ साली मुंबईत प्रसिद्ध केले. गाथांची भाषा उरलेल्या अवेस्तेहून प्राचीन असून त्याच जरथुष्ट्राच्या वाणीच्या निकटच्या आहेत, हे त्यांनी प्रतिपादिले. या विद्येची परंपरा पुढे मुंबईत १९१६ साली स्थापन झालेल्या के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटने चालविली.

परंतु ऐर्यन वएजचे नाव मराठी वाचकांच्या कानांवर घातले ते मुख्यतः लोकमान्य टिळकांनी. १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या इंग्रजी ग्रंथात वेंदिदादच्या पहिल्या दोन फर्गर्दांचा विस्तृत ऊहापोह आहे. दहा महिन्यांच्या हिवाळ्याच्या वाक्यास जोडून मूळ ग्रंथातच सात महिने उन्हाळा व पाच महिने हिवाळा अशी एक टीप येते. लोकमान्यांनी या दोहोंचा मेळ असा घातला, की ऐर्यन वएजचे मूळ हवामान सात महिने उन्हाळ्याचे होते आणि अंग्रमैन्यूच्या आक्रमणाने, म्हणजे हिमयुगाच्या आगमनाने, ते दहा महिने हिवाळ्याचे झाले. यिमाच्या वरात वर्ष एका दिवसासारखे वाटे, हे तर ध्रुवप्रदेशातील सहा महिन्यांच्या दिवसाचे आणि सहा महिन्यांच्या रात्रीचेच वर्णन, असे त्यांचे प्रतिपादन. या आधारे मूळ वसतिस्थानाचा नाश त्यांनी इ. स. पू. १०००० ते ८००० च्या सुमारास ठरविला.

या ग्रंथामागची बुद्धी अलौकिक होती याविषयी दुमत होणार नाही. विखुरलेल्या वाक्यांतून एक सुसंगत चित्र उभे करण्याची ती हातोटी आजही थक्क करते. तथापि पुढील काळातील भूशास्त्राने या सिद्धान्ताचा पायाच काढून घेतला आहे. अखेरचे हिमयुग एक लक्ष वर्षांहून अधिक काळ चालले. त्याच्या आधीचा उबदार काळ सुमारे १,१५,००० वर्षांपूर्वीच संपला होता. इ. स. पू. १०००० च्या सुमारास तर पृथ्वी थंड होत नव्हती, उलट हिमयुग ओसरत होते. ज्या उबदार ध्रुवप्रदेशातून आर्य बाहेर पडले असे मानावयाचे, तो त्या काळी तसा नव्हताच.

पुण्याच्याच नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ साली याच्या नेमके उलट प्रतिपादन केले. आर्यांचे पाळणाघर सप्तसिंधूत होते आणि तेथून ते ध्रुवापर्यंत पसरले, असा त्यांच्या ग्रंथाचा आशय. एकाच शहरात, बारा वर्षांच्या अंतराने, त्याच पुराव्यातून एकाने मूलभूमी उत्तर ध्रुवाकडे नेली आणि दुसऱ्याने ती पंजाबात आणली!

आज पुरातत्त्वशास्त्र भारतीय व इराणी भाषांच्या सामाईक पूर्वजांचा माग मध्य आशियाच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात काढते. उरल पर्वताच्या दक्षिणेस इ. स. पू. २१०० ते १८०० च्या सुमाराची सिंताष्टा संस्कृती आणि तिच्यातून पसरलेली कझाकस्तानातील आंद्रोनोवो संस्कृती, आरे असलेल्या चाकांचे रथ आणि घोड्यांची दफने हे त्यातील महत्त्वाचे दुवे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकद्रव्याच्या एका मोठ्या अभ्यासानेही या दिशेला पुष्टी दिली. याविषयी आपल्या देशात अद्याप वाद चालू आहेत. मात्र एक भेद विसरू नये. भाषेच्या पूर्वजांचे ठिकाण ही एक गोष्ट, आणि वेंदिदादच्या कर्त्यांच्या मनातील ऐर्यन वएज ही दुसरी. ते बहुधा त्यांच्या अधिक जवळच्या, पूर्व इराणी डोंगराळ आठवणीतील स्थळ असावे.

शोधातील धोका

मूलभूमीचा शोध दिसतो तितका निरुपद्रवी नसतो. ‘आर्य’ हा शब्द इराणी आणि भारतीय जनांनी स्वतःसाठी वापरलेला. एकोणिसाव्या शतकातील युरोपात तो वंशवाचक केला गेला, आणि १९३३ नंतरच्या जर्मनीत त्याच शब्दाच्या नावाखाली लाखो निरपराध माणसांचा संहार झाला. वास्तविक मॅक्स म्युल्लर यांनी १८८८ मध्येच बजावून सांगितले होते, की आर्य हा शब्द भाषेसंबंधी आहे. रक्त, केस वा कवटी यांच्याशी त्याचा संबंध नाही. ते ऐकले गेले नाही.

आझरबैजानच्या धर्मगुरूंनी मूलभूमी आपल्या दाराशी आणली, पावगींनी ती सप्तसिंधूत पाहिली, युरोपीय पंडितांनी ती युरोपकडे ओढली. प्रत्येकाला ती आपल्या अंगणात हवी होती. वेंदिदादच्या आरंभीचे ते विधान येथे नव्याने उमगते. प्रत्येकाला आपली भूमी प्रिय वाटावी ही योजना दोन प्रकारे फळते. तिच्यातून जिव्हाळाही निपजतो, आणि जगातले पहिले गाव आमचेच असा हट्टही. मूळ यादीने मात्र तो हट्ट धरलेला नाही. तिने स्वतःच्या मूलभूमीलाही सर्प आणि हिवाळा दिला, आणि परक्या सप्तसिंधूलाही अहुर मज्दाच्या उत्तम निर्मितीत स्थान दिले.

संजाणची ज्योत

ज्यांनी ही परंपरा जिवंत राखली त्या लोकांच्या वाट्याला पुढे खरेच देशांतर आले. इ. स. ६५१ मध्ये तिसरा यज्दगर्द मारला गेला आणि ससानी राज्य संपले. नवसारीच्या बहमन कैकोबाद यांनी इ. स. १६०० च्या सुमारास रचलेल्या ‘किस्सा-इ-संजाण’ या काव्यात ती कहाणी आहे. तिच्यानुसार काही जरथुष्ट्री कुटुंबे शंभर वर्षे डोंगरात, नंतर पंधरा वर्षे होर्मुझला आणि एकोणीस वर्षे दीवला राहून शेवटी संजाणला उतरली. त्यांनी तेथे स्थापन केलेल्या पवित्र अग्नीस ‘इराणशाह’ असे नाव आहे. आक्रमणाच्या काळी तो अग्नी बाहरोटच्या डोंगरातील गुहांत बारा वर्षे दडवून ठेवला होता असे किस्सा सांगतो. तो डोंगर आज महाराष्ट्रात, बोर्डीजवळ आहे. पुढे अनेक मुक्काम करीत इराणशाह १७४२ साली उदवाड्यास आला आणि तेथे तो अद्याप तेवत आहे. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतही इ. स. १००९ व १०२१ या वर्षांचे पहलवी लेख आहेत. तेथे भेट देऊन गेलेल्या जरथुष्ट्री मंडळींनी आपली नावे त्यांत कोरून ठेविली.

या समाजाची आडनावे पाहावीत. संजाणा, भरुचा, उदवाडिया, पूनावाला: ही इराणातील गावे नव्हेत, ही येथली गावे. ज्यांच्या नावात ‘इराणी’ हा शब्द राहिला ती कुटुंबे बहुतांशी गेल्या दोनएक शतकांत यज्द-किर्मानकडून आलेली. याचा अर्थ मूलभूमीचा विसर पडला असा नाही. तिचे नाव त्यांनी आडनावात ठेवले नाही, अग्नीला दिले. रोज पाच वेळा चंदनकाष्ठ घालून जी जागती ठेवावी लागते त्या ज्योतीत त्यांनी एरान ठेविले.

आमची रीत थोडी उलटी आहे. आम्ही ‘कर’ जोडून गाव आडनावात बांधतो आणि ते तंजावर, बडोदे, इंदूर, नागपूर, कोलकाता जिकडे जाऊ तिकडे नेतो. त्या गावी कित्येकांच्या चार पिढ्यांत कोणी पाऊलही टाकलेले नसते. हे वाईट आहे असे नाही. पण आडनाव आपोआप मिळते, ते रोज पेटवावे लागत नाही. भाषा, ग्रंथसंग्रह, नाटक, गणेशोत्सव आणि मुलांचा मराठीचा वर्ग यांना मात्र रोज काष्ठ घालावे लागते. मंडळाची पन्नास वर्षे म्हणजे ज्यांनी ते घातले त्यांची पन्नास वर्षे होत.

ऐर्यन वएज नकाशावर कधी निश्चित सापडेल असे आम्हांस वाटत नाही, आणि ते सापडल्यावाचून कोणाचे अडलेही नाही. ज्यांनी ते नाव तीस शतके मुखोद्गत ठेवले ते बल्खला राहिले, पारसात राहिले, संजाणला राहिले, मुंबईत राहिले, आणि ज्या भूमीत राहिले तिला आपली मानून तिच्या उपयोगी पडले. पहिल्या देशाची आठवण आणि सोळाव्या देशाची सेवा या दोन गोष्टी एकाच यादीत बसतात, हे वेंदिदादने दाखविले आहे. ज्या परमुलुखाने आपल्याला आश्रय दिला, ज्याच्या शेजाऱ्यांनी आपल्या दिवाळीच्या फराळाचे ताट पन्नास वर्षे कौतुकाने घेतले, तोही देश आपल्या यादीत मानाने लिहिला जावा, एवढेच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी आम्ही सुचवू इच्छितो.